वाराणसी : इसिपतनाची आणि विणकरांची

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बौद्ध यात्रांत लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार स्थळे ठरलेली असतात. सारनाथला गाडी थांबते, धमेख स्तूपाला प्रदक्षिणा होते, त्रिशरण-पंचशील होते आणि दोन-तीन तासांत यात्रेकरू पुढच्या मुक्कामाला निघतात. अवघ्या दहा किलोमीटरांवर असलेल्या वाराणसी नगराकडे आपले लोक बहुधा पाठ फिरवतात. ते नगर कर्मकांडाचे, पिंडदानाचे आणि पुरोहितांच्या शास्त्रार्थाचे, अशी आपली धारणा असते. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिंदे, होळकर, भोसले यांच्या द्रव्यातून उभ्या राहिलेल्या घाटांमुळे मराठी माणसाला या नगराचा जो परिचय झाला, तोही मुख्यतः तीर्थक्षेत्र म्हणूनच.

तथापि पालि वाङ्मयातील बाराणसी निराळी आहे. ते व्यापाऱ्यांचे आणि त्याहून अधिक कारागिरांचे नगर आहे. तेथील विणकर, सुतार, हस्तिदंताचे काम करणारे यांचा उल्लेख या वाङ्मयात वारंवार येतो. आजही त्या नगरातील हजारो कुटुंबांची उपजीविका हातमागावर आणि हातकामावर चालते. या नगरातील पाहण्याजोगी स्थळे आणि शिल्पे यांची ओळख वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. मात्र ती करून देताना एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. ‘परंपरागत कारागिरी’ म्हटली की तिच्या पाठीशी जातीने लादलेला व्यवसाय उभा असतो. ज्यांच्या वाडवडिलांनी लादलेली कामे नाकारून माणुसकी मिळवली, त्यांनी अशा कारागिरीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

काशिक वस्त्र

अंगुत्तर निकायातील सुखुमाल सुत्तात भगवान बुद्ध आपल्या गृहस्थजीवनातील सुकुमारपणाचे वर्णन करतात. चंदन वापरायचे ते काशीचेच. शिरोवेष्टन, कंचुक, नेसण्याचे वस्त्र आणि उत्तरीय हीही काशीचीच, असे ते सांगतात. त्याच निकायात अन्यत्र काशिक वस्त्राची उपमा येते. काशिक वस्त्र नवे असो वा जुने, ते वर्णाने सुंदर, स्पर्शाला सुखद आणि मूल्याने मोठे असते; जीर्ण झाले तरी लोक त्यात रत्ने गुंडाळतात किंवा ते सुगंधी करंडकात ठेवतात. शीलवान भिक्खूला ही उपमा दिली आहे.

दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात ध्यानाचे विवेचन करताना ‘बाराणसेय्यक’ वस्त्राचा दाखला दिला आहे. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते आणि निळ्या, पिवळ्या, तांबड्या व शुभ्र रंगांचे असते. यावर अट्ठकथाकारांनी केलेले स्पष्टीकरण विशेष लक्षणीय आहे. बाराणसीत कापूस मऊ असतो, सूत कातणाऱ्या स्त्रिया आणि विणकर कुशल असतात आणि पाणीही स्वच्छ व स्निग्ध असते, म्हणून तेथील वस्त्र दोन्ही अंगांनी नितळ होते, असे ते सांगतात. वस्त्राच्या गुणाचे श्रेय येथे राजाला किंवा देवतेला दिलेले नाही. ते कच्च्या मालाला, पाण्याला आणि माणसांच्या कौशल्याला दिले आहे. त्यातही सूत कातणाऱ्या स्त्रियांचा निर्देश विणकरांच्या आधी आहे.

जातककथांतही हे नगर असेच दिसते. सीलवनाग जातकात बाराणसीतील ‘दन्तकारवीथि’, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांची गल्ली येते. अलीनचित्त जातकात नगराजवळच सुतारांचे एक संपूर्ण गाव आहे. ते लोक नावेने नदीच्या वरच्या अंगाला जात, अरण्यात लाकूड कापून घरांचे भाग तेथेच तयार करीत आणि ते नगरात आणून घरे उभारीत.

शिल्प हीन की मंगल?

पालि भाषेत ‘सिप्प’ म्हणजे शिल्प हा शब्द व्यापक आहे. मोजणी, हिशेब, लेखन, विणकाम, कुंभारकाम, चर्मकाम ही सर्व सिप्पेच होत. विनयपिटकातील पाचित्तिय विभागात दुसऱ्याला टोचून बोलण्यासंबंधीचा एक नियम आहे. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला त्याच्या जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून किंवा शिल्पावरून हिणवले तर तो अपराध ठरतो. नियमाच्या विवरणात त्या काळी हीन समजल्या जाणाऱ्या शिल्पांची यादीच दिलेली आहे : बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम आणि न्हाव्याचे काम. मुद्रा, गणना आणि लेखन ही श्रेष्ठ शिल्पे म्हणून सांगितली आहेत. दोन्ही याद्यांच्या शेवटी निरनिराळ्या जनपदांत जी जी शिल्पे तशी मानली जातात तीही, अशी पुस्ती आहे.

या पुस्तीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हीनपणा त्या कामात वसत नाही. एखाद्या प्रदेशातील लोक त्या कामाला हीन लेखतात, एवढेच विनयकारांना म्हणायचे आहे. समाजात ही उतरंड होती हे त्यांनी लपवले नाही. परंतु संघाच्या सीमेत तिचा उच्चार हा दोष ठरवला. बाराणसीचे वस्त्र राजपुत्राच्या अंगावर शोभत होते आणि ते विणणाऱ्याचे शिल्प हीन गणले जात होते, ही विसंगती या दोन उल्लेखांतून आपल्यासमोर येते.

दुसऱ्या बाजूला आपण विहारात ज्याचे नित्य पठण करतो त्या मंगलसुत्तात बहुश्रुतपणाच्या जोडीने शिल्पाचीही गणना उत्तम मंगलांत केली आहे. धम्मपद अट्ठकथेतील आळवी नगराच्या विणकरकन्येची कथा हीच दृष्टी दाखवते. वडिलांच्या मागासाठी कांड्या भरून द्यायच्या असल्यामुळे तिला धम्मश्रवणाला यायला उशीर झाला. सभा भरलेली असूनही ती येईपर्यंत भगवान मौन धरून बसले. एका विणकराच्या मुलीसाठी सभेने थांबावे, हे त्या काळच्या समाजाला सहज पटणारे नव्हते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे प्रतिपादन केले. माणसाची योग्यता आणि आवड न पाहता जन्मावरून त्याला कामाला जुंपणे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मंगलसुत्त आणि हा आक्षेप यांत आम्हास विरोध दिसत नाही. शिकून, निवडून आत्मसात केलेले शिल्प मंगल आहे. जन्माने गळ्यात बांधलेले आणि सोडण्याची मुभा नसलेले शिल्प हे बंधन आहे. वाराणसीच्या गल्ल्यांतून फिरताना ही कसोटी हाती असावी.

हा विषय आपल्या समाजालाही परका नाही. विदर्भातील महार समाजात जाडेभरडे सुती कापड विणण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश मिळत नसे. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. एके ठिकाणी विणकाम हीन म्हणून हिणवायचे आणि दुसरीकडे त्यात चांगले वेतन मिळू लागताच अस्पृश्यांना त्यातून वगळायचे, ही जातीची रीत आहे.

इसिपतनातील अवशेष

आता प्रत्यक्ष स्थळांकडे वळू. इसिपतन मिगदाय, म्हणजे आजचे सारनाथ, येथे भगवंतांनी पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश केला. त्यानंतर लगेचच बाराणसीच्या श्रेष्ठीचा पुत्र यश आणि त्याचे चोपन्न मित्र संघात आले. यशाची आई आणि पूर्वाश्रमीची पत्नी या त्रिशरण घेणाऱ्या पहिल्या उपासिका होत. संघाचा आरंभ असा या नगरातील कुटुंबाशी जोडलेला आहे. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर परतताना बाबासाहेबही येथे येऊन गेले.

धमेख स्तूपाचा तळाचा व्यास सुमारे २८ मीटर आहे. त्याच्या खालच्या दगडी भागावर गुप्तकाळातील कोरीव पट्टा आहे. भौमितिक आकृत्या, स्वस्तिके आणि वेलबुट्ट्या अशा रीतीने एकमेकांत गुंफल्या आहेत की, स्तूपाला नक्षीदार वस्त्र गुंडाळल्याचा भास व्हावा. स्तूपांना वस्त्रे अर्पण करण्याची प्रथा होती. त्या वस्त्राचेच हे पाषाणरूप असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. प्रदक्षिणा करताना हा पट्टा जवळून पाहावा.

धर्मराजिक स्तूपाचा आज फक्त तळ उरला आहे. १७९४ मध्ये बांधकामाला विटा हव्यात म्हणून तो उकरला गेला. आत दगडी पेटी आणि तिच्यात अस्थी असलेला करंडक निघाला. त्या अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. जोनाथन डंकन यांनी या घटनेचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून ती आपल्याला ज्ञात आहे. आपला वारसा अज्ञानामुळे कसा नष्ट होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

अशोकस्तंभाचा खालचा भाग मूळ जागी आहे. त्यावरील लेखात संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना शुभ्र वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, अशी आज्ञा आहे. शुभ्र वस्त्र हे गृहस्थाचे चिन्ह असल्यामुळे या शिक्षेचा अर्थ स्पष्ट होतो. १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेले सिंहशीर्ष तेथील संग्रहालयात आहे. २६ जानेवारी १९५० रोजी ते भारताची राजमुद्रा म्हणून स्वीकारण्यात आले. चुनारच्या वालुकाश्मावर केलेली त्याची झिलई आजही आरशासारखी भासते.

याच संग्रहालयात पाचव्या शतकातील धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. मथुरेच्या मूर्तींत चीवराच्या चुण्या दाखवलेल्या असतात. सारनाथच्या शिल्पकाराने चुण्या गाळल्या आणि केवळ गळ्याशी, मनगटाशी व पायाशी कडा दाखवून तलम वस्त्राची जाणीव करून दिली. तलम वस्त्रासाठी ख्यात असलेल्या नगराच्या शेजारीच ही शैली विकसित व्हावी, हे अर्थपूर्ण आहे. मूर्तीच्या पीठावर पाच भिक्खूंबरोबर एक स्त्री आणि मूल कोरलेले आहे. ती मूर्तीचे दान देणारी उपासिका असावी, असे मानले जाते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे यात्रा आखताना लक्षात ठेवावे.

अनागारिक धम्मपाल यांच्या प्रयत्नांतून १९३१ मध्ये उघडलेला मूलगंधकुटी विहार आणि त्यातील कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराची भित्तिचित्रेही आवर्जून पाहावीत.

राजघाट आणि विणकरांच्या वस्त्या

प्राचीन बाराणसी नगर आजच्या गर्दीच्या घाटांवर नव्हते. वरुणा आणि गंगा यांच्या संगमाजवळील राजघाटच्या पठारावर त्याचे अवशेष आहेत. १९४० मध्ये रेल्वेच्या कामात ते उघडे पडले. १९५७ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयाने प्रा. अ. कि. नारायण यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. त्यातून इ. स. पूर्व सुमारे आठव्या शतकापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले. भगवान बुद्धांच्या काळचे नगर पाहायचे असेल तर तेथे जावे लागते.

राजघाटच्या पलीकडे सराय मोहाना, आणि नगराच्या अन्य भागांत पीली कोठी, अलईपुरा, मदनपुरा, लल्लापुरा, बजरडीहा या विणकरांच्या वस्त्या आहेत. येथील बहुसंख्य विणकर अन्सारी मुसलमान आहेत. हिंदू आणि दलित विणकरही आहेत. आजची बनारसी साडी म्हणजे पालि ग्रंथांतील काशिक वस्त्र नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अट्ठकथाकार कापसाविषयी बोलतात, तर आजचे प्रसिद्ध वस्त्र रेशमाचे व जरीचे आहे आणि त्याचा उत्कर्ष मोगलकाळात झाला. रेशीमही बाहेरून, कर्नाटकातून किंवा चीनमधून येते. परंतु कुशल हातांची वस्ती या नगरात दीर्घकाळ राहिली, एवढे खात्रीने म्हणता येते.

विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. नक्षी आधी कागदावर उतरते, मग ती मागावर चढवली जाते. पूर्वी हे काम दोऱ्यांच्या गाठींतून नक्षी ‘बांधणारे’ नक्शाबंद करीत; आता बहुतेक ठिकाणी जॅकार्डची छिद्रांकित पुठ्ठ्यांची माळ ते काम करते. ‘कढुआ’ पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या लहान धोटीने स्वतंत्रपणे विणली जाते; म्हणून कापडाच्या पाठीवर लोंबते धागे राहत नाहीत. ‘फेकुआ’ पद्धतीत नक्षीचा धागा पूर्ण रुंदीभर टाकतात. पाठीवरचे मोकळे धागे नंतर कापले की त्याला ‘कतरुआ’ म्हणतात. दाट नक्षीच्या कढुआ साडीला काही महिनेही लागतात. कांड्या भरणे, धागे कापणे ही कामे घरातील स्त्रिया आणि मुली करतात. त्यांची मजुरी बहुधा वेगळी मोजली जात नाही. अट्ठकथाकारांनी ज्या स्त्रियांचा निर्देश विणकरांच्या आधी केला, त्यांच्या वारसदार आज हिशेबात कोठेच नाहीत.

येथील विणकर ‘ग्यासर’ नावाचे जड रेशमी कापड विणतात. तिबेटी विहारांतील आसने, वस्त्रे आणि चित्रपटांच्या कडा यांसाठी ते वापरले जाते. कमळे आणि बौद्ध मंगलचिन्हे मुसलमान विणकरांच्या हातून उतरतात आणि विहारात पोहोचतात. धर्माच्या नावाने माणसे तोडण्याच्या काळात ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

कबीर आणि रविदास

या नगरातील आणखी दोन स्थळे आपल्या वाचकांना जवळची वाटतील. लहरतारा येथील तळ्याकाठी नीरू आणि नीमा या विणकर दांपत्याला बालक कबीर सापडले, अशी परंपरा आहे. कबीरचौरा येथे त्यांचा मठ आहे. नगराच्या दक्षिणेस सीर गोवर्धनपूर हे संत रविदासांचे जन्मस्थान मानले जाते. माघ पौर्णिमेला तेथे पंजाबातून आणि परदेशांतूनही मोठा समुदाय येतो. बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी होते आणि स्वतः बाबासाहेबांनी कबीरांना आपल्या तीन गुरूंत स्थान दिले. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नंदनार, रविदास आणि चोखामेळा ही नावे आहेत. विनयातील ‘हीन शिल्पां’च्या यादीत विणकाम आणि चर्मकाम ही दोन्ही आहेत. त्याच दोन शिल्पांतील दोन माणसांनी पंधराव्या शतकाच्या आसपास या नगरातील पुरोहितशाहीला प्रश्न विचारले.

यात्रेकरूंनी काय करावे?

वाराणसीत लाकडी खेळणी, गुलाबी मीनाकारी, धातूवरील ठोकीव काम, मऊ दगडातील जाळीकाम ही शिल्पेही आहेत. एकाच ठिकाणी ओळख करून घ्यायची असेल तर बडा लालपूर येथे २०१७ मध्ये सुरू झालेले हस्तकला संकुल आणि विश्वविद्यालयातील भारत कला भवन पाहावे. भारत कला भवनात जुन्या बनारसी वस्त्रांचा उत्तम संग्रह आहे.

साडी घ्यायची असल्यास उलटी बाजू पाहावी. कढुआ कामात प्रत्येक बुट्टी पाठीमागेही स्वतंत्र असते. हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी कडेला टाचण्या लावतात, त्यांची बारीक छिद्रे काठावर दिसतात. २००६ पासून वापरात असलेली हातमाग खूण आहे काय, हेही विचारावे. बनारसी ब्रोकेड व साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे. तरीही यंत्रमागावरील नक्कल ‘हातमाग’ म्हणून विकली जाते. अशा वेळी खऱ्या विणकराची मजुरी बुडते आणि ग्राहकही फसतो. दलालाच्या दुकानाऐवजी विणकरांच्या सहकारी संस्थेतून किंवा थेट मागावरून खरेदी केली तर मूल्याचा मोठा वाटा कारागिराच्या हाती जातो. घासाघीस करताना त्या कापडाला लागलेले दिवस मोजावेत. सम्यक आजीविका ही विकणाऱ्यापुरती मर्यादित नाही. घेणाऱ्यालाही ती लागू आहे.

विणकराच्या घरी गेल्यास त्याच्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी अवश्य करावी. ती शाळेत जात असतील, पुढे माग चालवायचा की आणखी काही करायचे हे त्यांना ठरवता येत असेल, तर ते शिल्प टिकण्यात आनंद आहे. मुले पोटासाठी मागाला जुंपली गेली असतील, तर त्या वस्त्राच्या सौंदर्याचे कौतुक करताना आपण थांबले पाहिजे. यात्रेच्या आयोजकांनी सारनाथला किमान एक पूर्ण दिवस द्यावा, सकाळ इसिपतनासाठी आणि दुपार राजघाट, कबीरचौरा व विणकरांच्या वस्त्यांसाठी ठेवावी, अशी आमची विनंती आहे.